विश्लेषण : किल्ल्याचा खंदक बुजला, तर नेमके काय हरवते?

विजयदुर्गच्या दरवाजाकडे आज रस्त्याने सरळ चालत जाता येते. किल्ला बांधणाऱ्यांनी मात्र नेमकी हीच गोष्ट अशक्य करून ठेवली होती. तीन बाजूंना पाणी असलेल्या या किल्ल्याच्या चौथ्या, जमिनीकडच्या बाजूला त्यांनी खंदक खणला होता. पुढे तो भरून टाकला गेला आणि त्यावरूनच रस्ता झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत विजयदुर्गही आहे. तिथे जाणारे बहुतेक जण तट आणि बुरूज पाहतात, त्यांचे फोटो काढतात. आपण खंदकावरून चालत आलो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

किल्ल्यांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. बुरूज ढासळला की बातमी होते. खंदक मात्र वर्षानुवर्षे गाळ, कचरा, राडारोडा आणि झुडपांनी भरत जातो, एखाद्या दिवशी त्यावर रस्ता किंवा वाहनतळ होतो आणि कोणाची तक्रारही येत नाही. ही उपेक्षा समजून घ्यायची, तर खंदक मुळात काय काम करतो, इथपासून सुरुवात करावी लागते.

खंदकाला भिंती किती?

दोन, आणि सगळी गोम त्यातच आहे. एक किल्ल्याच्या बाजूची, म्हणजे आतली. वरचा तट बहुधा याच भिंतीचा पुढचा भाग असतो. दुसरी शत्रूच्या बाजूची, बाहेरची. लष्करी स्थापत्याच्या इंग्रजी परिभाषेत आतलीला स्कार्प आणि बाहेरचीला काउंटरस्कार्प म्हणतात. मराठीत आपण सरसकट खंदक म्हणून मोकळे होतो, त्यामुळे बाहेरची भिंत नजरेतून निसटते.

आतल्या भिंतीचे काम सहज समजते. तट जमिनीपासून ८ मीटर उंच असेल आणि खंदक ६ मीटर खोल असेल, तर खाली उतरलेल्या माणसासमोर १४ मीटरांची भिंत उभी राहते. तेवढ्या उंचीच्या शिड्या आधी बनवायच्या, मग गोळीबारात वाहून आणायच्या, खंदकात उतरवायच्या आणि उभ्या करायच्या. म्हणजे तटाची खरी उंची खंदकाच्या तळापासून मोजायची असते.

बाहेरच्या भिंतीचे काम जास्त चतुर आहे. खंदकाची बाहेरची कड नुसत्या मातीचा उतार असती, तर हल्लेखोर घसरत खाली आले असते. तिथे दगडी उभी भिंत असली की चढण्याआधी उतरण्यासाठीच शिडी लागते. शंभर माणसे एका फळीत धावत आली, तरी त्या कडेशी थबकतात, गोळा होतात, एकेक करून उतरतात. तटावरच्या बंदूकधाऱ्यांना हवा असतो तो हाच क्षण. शिवाय खाली उतरलेल्या तुकडीला माघार घ्यायची झाली, तर पाठीमागे पुन्हा भिंतच.

तोफा आल्यानंतर तिसरे काम महत्त्वाचे ठरले. तटाला खिंडार पाडायचे तर तोफगोळे जितके खाली, पायाजवळ बसतील तितके चांगले. पाया उडाला की वरचे बांधकाम आपोआप कोसळते आणि पडलेल्या दगडामातीचा चढण्याजोगा उतार तयार होतो. पण दूरवर उभ्या असलेल्या तोफेला खंदकाच्या बाहेरच्या कडेमुळे भिंतीचा खालचा भाग दिसतच नाही. पाया दिसायला हवा असेल, तर तोफ थेट खंदकाच्या काठावर आणावी लागते, म्हणजे तटावरच्या बंदुकांच्या तोंडी.

त्यामुळे खंदक रुंद म्हणजे चांगला, असे सरळ गणित नाही. अरुंद खंदकावर फळ्या टाकून पलीकडे जाता येते आणि पडलेल्या तटाच्या ढिगाऱ्याने तो भरूनही जातो. फार रुंद केला, तर दूरच्या तोफेला भिंतीचा पाया उघडा मिळतो. खोली, रुंदी आणि बाहेरच्या कडेची उंची यांचा मेळ घालावा लागे. हे काम गवंड्याइतकेच भूमिती जाणणाऱ्याचेही होते.

खणलेली माती कुठे जात असे?

तटात. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त दुर्ग बांधण्याची जी रीत दिली आहे, तिच्यात एकामागोमाग तीन खंदक सांगितले आहेत. त्यांची रुंदी १४, १२ आणि १० दंड. एक दंड साधारण सहा फुटांचा धरला, तर सर्वांत रुंद खंदक सुमारे २५ मीटरचा होतो. खंदकाच्या बाजू दगडांनी किंवा विटांनी बांधून घ्याव्यात, पाणी असावे, त्यात मगरी असाव्यात, असेही तिथे आहे. त्याहून लक्षात घेण्यासारखी सूचना पुढची. खंदकातून निघालेल्या मातीचाच बांध रचायचा, हत्ती आणि बैलांकडून तो तुडवून घट्ट करायचा आणि त्यावर तट उभारायचा. खंदक आणि तट ही एकाच कामाची दोन तोंडे होती. जितके खाली जाल, तितके वर चढवायला सामान मिळे.

दख्खनमध्ये माती कमी आणि काळा कातळ जास्त. इथे खंदक हीच दगडाची खाण. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे दौलताबाद. तिथे मुख्य डोंगराच्या पायथ्याशी कातळात खंदक कोरला आहे आणि त्याच्या आतल्या बाजूने डोंगराचा खालचा सुमारे ५० मीटरचा भाग सरळ उभा तासून काढला आहे. खंदकाची आतली भिंत कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. त्या भिंतीत एकही दगड रचलेला नाही. जे नको ते काढून टाकले, उरली ती भिंत.

सह्याद्रीतल्या गिरिदुर्गांना मात्र निसर्गाने तासलेले कडे आयतेच मिळाले होते. त्यामुळे आपल्याकडे खंदकांची खरी परंपरा भुईकोटांत पाहायला मिळते : सोलापूर, परांडा, नळदुर्ग आणि या सगळ्यांत अभ्यासायला सर्वांत सोयीचा अहिल्यानगरचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा किल्ला.

अहिल्यानगरच्या खंदकाचे वैशिष्ट्य काय?

सोळाव्या शतकाच्या मध्यावर हुसेन निजामशाहाने हा किल्ला दगडात बांधून काढला. साधारण गोल आकार, सुमारे १.७ किलोमीटरचा घेर, वीसहून अधिक बुरूज. सपाट मैदानात उभा असल्याने निसर्गाचा आधार शून्य. जे काही संरक्षण आहे ते माणसाने केलेले.

१८०३ च्या सुमारास इंग्रजांनी केलेल्या वर्णनात या किल्ल्याचा खंदक दोन्ही बाजूंनी दगडाने बांधलेला असल्याची नोंद आहे. म्हणजे बाहेरची भिंतही पक्की. खंदकात सर्वत्र पाणी होते आणि त्यात उंच लव्हाळे माजले होते. खंदकापलीकडे जमीन मुद्दाम चढती करून आणली होती. ही चढण बाहेरून येणाऱ्याला साधे मैदान वाटते, पण तिचा माथा तटाला झाकतो. त्या माथ्यावरून पाहिले, तर अख्खा तट लष्करी अधिकाऱ्याच्या तंबूच्या खांबाएवढाच उंच दिसे, असे त्या वर्णनात म्हटले आहे. उरलेली भिंत खंदकात दडलेली. ज्याच्यावर तोफ डागायची तोच दिसेनासा करण्याची ही युक्ती.

दरवाजासमोर खंदकावर लाकडी पूल होता. तो उचलता नव्हता, पण युद्धाच्या वेळी काढून ठेवता येई. पुलावर पुलाएवढेच लोखंडी पात्र ठेवून त्यात कोळसे पेटवण्याचीही सोय आहे, असे इंग्रजांच्या कानावर आले होते. शत्रू पुलापाशी आला की समोर विस्तवाची वाट! ती सोय कधी वापरली गेली की नाही, हा भाग वेगळा. कानावर आली एवढ्यानेही काम झाले असेल.

किल्ल्याला पाणी पुरवणारे दोन नळ उत्तरेकडच्या टेकड्यांतून शहरातून येत, खंदकाच्या पोटातून आत जात आणि वाया जाणारे पाणी खंदकात सोडले जाई. खंदकाच्या वर या नळांचा कुठलाही भाग दिसत नसे. पाणीपुरवठा आणि संरक्षण यांची अशी सांगड आज एखाद्या शहराच्या आराखड्यात दिसली, तर आपण तिचे कौतुक करू.

या खंदकाची ताकद कळते ती दोन वेढ्यांतून. १५९५-९६ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेने वेढा घातला, तेव्हा मोगलांनी भिंतीवर चढून जाण्याऐवजी जमिनीखालून वाट काढली. त्यांनी तटाखाली सुरुंग नेले. आतल्यांना त्याची खबर लागली आणि काही सुरुंगांतली दारू चांदबिबीच्या माणसांनी उलट खणून काढून टाकली. तरी एक सुरुंग उडालाच आणि तटाला मोठे खिंडार पडले. तिथे चांदबिबी स्वतः तलवार घेऊन उभी राहिली, खिंडार लढवले गेले आणि रातोरात बुजवलेही गेले. मोगलांना वऱ्हाडावर समाधान मानून वेढा उठवावा लागला. किल्ला पडला तो १६०० मध्ये, दुसऱ्या वेढ्यात.

दुसरी कथा आर्थर वेलस्लीची. ८ ऑगस्ट १८०३ रोजी त्याच्या फौजेने शहराच्या कोटाला शिड्या लावल्या आणि शहर त्याच दिवशी घेतले. किल्ल्यावर मात्र शिड्या लावण्याचा विचारही त्याने केला नाही. पाहणी केली, मोर्चा बांधला, १० ऑगस्टला तोफा सुरू केल्या. दौलतराव शिंद्यांच्या किल्लेदाराने दुसऱ्याच दिवशी बोलणी लावली आणि १२ तारखेला सुमारे १४०० शिबंदी किल्ल्याबाहेर पडली. तोफ कुठून लावावी हे दाखवण्यासाठी भिंगारच्या देशमुखाला पैसे चारल्याची हकीकत जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. खंदक ओलांडायची वेळच आली नाही. वेलूर वगळता एतद्देशीय किल्ल्यांत याच्याइतका बळकट किल्ला आपण पाहिला नाही, असे मत वेलस्लीने नंतर नोंदवले. वेलूरचीही ख्याती पाण्याने भरलेल्या रुंद खंदकासाठीच आहे.

मग खंदकाने खरोखर कोणाला अडवले?

भरतपूरला. १८०४ च्या अखेरीस यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढत भरतपूरच्या राजा रणजितसिंहाच्या आश्रयाला गेले आणि जनरल लेकने त्या किल्ल्याला वेढा घातला. तट मातीचा होता. तोफगोळे त्यात रुतून बसत. तरीही खिंडार पडले आणि ९ जानेवारी १८०५ च्या रात्री पहिला हल्ला झाला. खंदकात छातीएवढे पाणी होते. हल्ला फसला.

दुसऱ्या हल्ल्याआधी इंग्रजांनी खंदकाची रुंदी जाणून घ्यायची ठरवली. त्यांच्या फौजेतल्या तीन देशी स्वारांनी पळून आल्याचे सोंग केले. मागून त्यांच्यावर खोट्या गोळ्या झाडल्या जात होत्या आणि ते घोडे फेकत थेट खंदकाच्या काठाशी जाऊन तटावरच्या लोकांना आत यायची वाट विचारू लागले. वाट कळली, खंदकही पाहून झाला आणि स्वार माघारी पळाले. खंदक फारसा रुंद नाही, असा त्यांचा निरोप. त्या मापाने वाहून नेण्याजोगा पूल तयार झाला. २१ जानेवारीला तो खंदकापाशी नेला, तर आखूड! भरतपूरकरांनी मधल्या वेळात खिंडाराच्या जागी खंदकात बांध घालून पाणी तुंबवले होते. पाणी चढले आणि पात्र रुंदावले. पुलाला शिडी जोडून पाहिली, तीही चालली नाही. शेकडो माणसे काठावर उभी राहून गोळ्या खात राहिली. फेब्रुवारीत आणखी दोन हल्ले फसले. चारही हल्ल्यांत मिळून इंग्रजांची तीन हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली आणि लेकला तह करावा लागला.

इंग्रज हा धडा विसरले नाहीत. डिसेंबर १८२५ मध्ये लॉर्ड कोम्बरमिअर पुन्हा भरतपूरवर आला, तेव्हा त्याने सर्वांत आधी तलावाचा बांध ताब्यात घेतला. खंदकात पाणी सोडण्याची वाटच बंद झाली. कोरड्या खंदकाखालून सुरुंग नेता आले आणि १८ जानेवारी १८२६ रोजी तट उडवून किल्ला घेतला गेला. दोन्ही वेळी तट तोच होता. फरक पडला तो खंदकातल्या पाण्याने.

मुंबई आणि कोलकात्याचे खंदक मराठ्यांमुळे कसे?

१७४२ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये उतरल्या आणि कोलकात्यात घबराट पसरली. तिथल्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणण्याची परवानगी मागितली. ईस्ट इंडिया कंपनीने त्यासाठी २५ हजार रुपये कर्जाऊ दिले. सात मैलांचा बेत होता. सुमारे तीन मैल खणून झाले आणि मराठे काही शहरावर येईनात, म्हणून काम थांबले. त्याचे नावच पडले ‘मराठा डिच’. १७५६ मध्ये सिराजउद्दौला चालून आला, तेव्हा उत्तरेकडे, खंदक होता तिथे त्याची फौज अडली. मग ती जिथे अडथळा नव्हता त्या बाजूने आत शिरली. अर्धवट खंदक हा असा असतो. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात आजही ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे.

मुंबईची गोष्ट याच्या तीनच वर्षे आधीची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. साष्टी आधीच मराठ्यांकडे आली होती. माहीमच्या खाडीपलीकडे मराठे उभे असताना मुंबईकर व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपयांची वर्गणी काढली आणि कोटाभोवती खंदक खणायला सुरुवात झाली. कोट तेव्हा वीसेक वर्षे उभा होताच, खंदक नव्हता. खंदकापुढची जमीन मोकळी हवी म्हणून घरे आणि नारळाची झाडे हटवली गेली. हा मोकळा पट्टा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. त्याचे नाव एस्प्लनेड. आलेला शत्रू उघड्यावर यावा आणि तटावरच्या तोफांना दिसावा, हे त्याचे काम.

१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी कोट पाडला, खंदक भरला. चर्चगेट नावाचा दरवाजा गेला, त्या जागी फ्लोरा फाउंटन आले आणि नाव रेल्वे स्थानकाकडे उरले. कोटाचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शिल्लक आहे. खंदकाचा मागमूस नाही. पण त्याच्यापुढचा मोकळा पट्टा पुष्कळसा वाचला : ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज. दर रविवारी जिथे शेकडो मुले क्रिकेट खेळतात, ती मैदाने तोफेच्या माऱ्यासाठी राखलेली जमीन आहे. मुंबईने कोट गमावला, त्या बदल्यात श्वास घ्यायला जागा मिळाली. त्या काळात रोगराईने गांजलेल्या, दाटीच्या शहरासाठी तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

आज खंदकांना धोका कशाचा?

मुंबईचा कोट विचार करून पाडला गेला. बाकी ठिकाणचे खंदक विचार न करताच जात आहेत. त्यात सर्वांत आधी जाते ती बाहेरची भिंत. कारण तिला कोणी किल्ल्यात धरत नाही. तिच्यावर बुरूज नाही, शिलालेख नाही, फोटो काढावा असे काही नाही. एका बाजूने ती खंदकाची भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूने चक्क रस्त्याची कड.

अभियांत्रिकीच्या भाषेत ती पाठीमागची माती थोपवून धरणारी भिंत आहे. तिच्या डोक्यावर ट्रक उभे राहिले, टपऱ्या बसल्या किंवा मातीचा भराव पडला, तर तो सगळा भार तिला आडवा ढकलतो. मागच्या मातीत पावसाचे पाणी मुरते. त्याला बाहेर पडायला वाट नसेल, तर दाब आणखी वाढतो. त्यात सांध्यांमध्ये वड-पिंपळ रुजले की दगड सुटायला लागतात. भिंत एकदा पुढे झुकली की एखाद्या पावसाळ्यात पन्नास फुटांचा तुकडा खंदकात येतो. मग ‘धोकादायक’ म्हणून तो भाग भरून सपाट करणे हाच सोपा उपाय ठरतो.

साफसफाईच्या उत्साहातूनही नुकसान होते. गाळ काढायला थेट जेसीबी उतरवला आणि मूळ तळ कुठे होता हे न पाहता खणत गेले, तर दोन्ही भिंतींचे पाय उघडे पडतात. गाळाच्या थरांत तोफगोळे, खापरे, पुलाचे अवशेष असू शकतात, ते ढिगाऱ्यासोबत जातात ते वेगळेच. उलट खंदक पुरता भरला, तर पूर्वी तिथे वाहून जाणारे पावसाचे पाणी तटाच्या पायाशी मुरत राहते. म्हणून आधी मोजणी, मग ठरावीक ठिकाणी हाताने खणून तळाचा शोध, पाण्याच्या जुन्या वाटा मोकळ्या करणे आणि त्यानंतर यंत्र, असा क्रम लागतो. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात. उद्घाटनाला दाखवण्यासारखे मात्र त्यात फारसे काही नसते.

कायद्याची बाजू सीमारेषेवर अवलंबून आहे. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण ही मोजणी स्मारकाची हद्द कुठे धरली आहे तिथून सुरू होते. हद्द तटाच्या दगडाशी धरली, तर खंदक हा किल्ल्याचा भाग न राहता किल्ल्याशेजारची मोकळी जागा ठरतो. हद्द बाहेरच्या भिंतीच्या पलीकडे, चढत्या जमिनीच्या टोकापर्यंत धरली, तर किल्ला जसा बांधला तसा अख्खा संरक्षणाखाली येतो. अहिल्यानगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने त्याचा घेर आणि खंदक निदान ओळखू येण्याइतपत राहिले आहेत. शहराच्या मध्यावर असलेल्या इतर भुईकोटांना ती सोय नाही. तिथे जागेच्या कागदांवर खंदकाची नोंद काय आहे आणि बाहेरच्या भिंतीची डागडुजी कोणाच्या खर्चात धरायची, हे पुरातत्त्व विभाग आणि पालिकेने आधी तपासायला हवे. निधीचा प्रश्न त्यानंतरचा.